दुकानात जाण्यापासून सुरुवात : बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची सामाजिक कौशल्ये

बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ बुद्ध्यांकावरून होत नाही. बुद्ध्यांक साधारण 70 किंवा त्याहून कमी असण्याबरोबरच रोजच्या व्यवहारातही ठळक अडचण दिसावी लागते, आणि लोकांशी वागणे-बोलणे हा त्या व्यवहाराचाच भाग असतो. म्हणून 'मुलाने चारचौघांत मिसळावे' असे मोघम उद्दिष्ट ठेवण्यापेक्षा एक नेमके काम निवडावे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून बिस्किटांचा पुडा आणणे हे त्यासाठी उत्तम काम आहे, कारण त्याचे बक्षीस त्यातच असते.

या कामाचे लहान टप्पे लिहून काढावेत : आधीच्या गिऱ्हाइकाचे होईपर्यंत थांबणे, दुकानदाराकडे पाहून वस्तूचे नाव सांगणे, पैसे देणे, पुडा व सुटे पैसे घेणे, 'येतो काका' म्हणणे. शिकवण्याची सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून करावी. आधीचे सर्व टप्पे मोठ्या माणसाने मुलाला सोबत घेऊन पार पाडावेत आणि फक्त निरोप घेणे मुलाकडे सोपवावे. ते त्याला सलग काही दिवस मदतीविना जमले की पुडा व सुटे पैसे घेणेही त्याच्याकडे द्यावे. अशा क्रमाने प्रत्येक फेरी मुलाच्या स्वतःच्या कृतीने पूर्ण होते आणि काम अर्धवट सोडल्याची भावना त्याच्या वाट्याला येत नाही.

मदत कशी करावी, यापेक्षा ती कशी काढून घ्यावी हे अधिक अवघड आहे. 'काय म्हणायचं काकांना?' हा प्रश्न आपण इतक्या सवयीने विचारतो की तो ऐकल्याशिवाय मूल बोलतच नाही. त्याऐवजी वस्तूच्या चित्राकडे बोट दाखवावे आणि त्याआधी मनातल्या मनात दहापर्यंत अंक मोजत थांबावे. बोलू न शकणाऱ्या मुलाने चित्र दाखवले तरी ते मागणेच होय. दुकानदाराला आधीच भेटून 'उत्तर उशिरा येईल, पण प्रश्न मुलालाच विचारा' अशी विनंती करावी आणि दुपारची निवांत वेळ ठरवून घ्यावी. थांबण्याचा सराव घरी सापशिडी खेळताना होतो. कौतुक करताना नुसते 'शाब्बास' पुरत नाही. 'त्या काकूंचं होईपर्यंत तू थांबलास' असे नेमके सांगावे.

एका दुकानात जमलेले दुसऱ्या दुकानात आपोआप जमेल, असे गृहीत धरू नये. दुकान, दुकानदार आणि सोबतची व्यक्ती एकेक करून बदलावी. तिन्ही एकदम बदलल्यास नेमके कुठे अडते ते कळत नाही.

अभिवादनाबाबत मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. पाच वर्षांच्या मुलाने पाहुण्याला मिठी मारली की सगळे हसतात. चौदाव्या वर्षी त्याच मिठीबद्दल त्याला रागावले जाते, आणि नियम केव्हा बदलला हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून लहानपणापासूनच घरातील माणसांना मिठी, ओळखीच्यांना नमस्कार आणि अनोळखी व्यक्तींपासून हातभर अंतर, असे छायाचित्रांच्या साहाय्याने शिकवावे. त्याचबरोबर 'नको' म्हणणेही शिकवावे आणि मुलाने मामाला पापा देण्यास नकार दिला, तर घरच्यांनी तो तिथेच मान्य करावा.