यादी बरोबर, वेळ गायब: टाइम-सिरीज डेटाबेसमधल्या या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या कळमना मार्केटजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मृग बहाराची संत्री भरलेली होती. बाहेर ४५ अंश, आत सहा-सात अंश राखायचे. बारा सेन्सर दर मिनिटाला तापमान इन्फ्लक्सडीबी या टाइम-सिरीज डेटाबेसात, म्हणजे प्रत्येक नोंद तिच्या वेळेसह ठेवणाऱ्या डेटाबेसात, पाठवत होते. सुपरवायझर भाऊंनी विचारलं, "सर, बाराही सेन्सर चालू आहेत नं?" मी सेन्सरच्या नावांची यादी मागवली, बारा नावं आली, मी हो म्हटलं. चौथ्या खोलीतला सेन्सर तीन दिवसांपासून गप्प होता. वरच्या थरातल्या क्रेटमधली संत्री मऊ पडली तेव्हा ते कळलं.

क्वेरी चुकली नव्हती, प्रश्न चुकला होता. "कोणकोणते सेन्सर आहेत" आणि "कोणता सेन्सर शेवटचा कधी बोलला" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. "शो टॅग व्हॅल्यूज" ही यादीची क्वेरी पहिल्याचं उत्तर देते, तेही इंडेक्समधून, म्हणजे साठवलेल्या नावांच्या सूचीतून. तीन दिवस मेलेला सेन्सरही त्यात दिमाखात दिसतो.

मग लोक प्रत्येक वेगळी व्हॅल्यू एकदाच देणाऱ्या डिस्टिंक्टकडे वळतात आणि तिथे दुसरा खड्डा आहे. इन्फ्लक्सक्यूएलमध्ये (इन्फ्लक्सडीबीच्या क्वेरी भाषेत) डिस्टिंक्ट फक्त फील्डवर, म्हणजे तापमानासारख्या मोजलेल्या आकड्यावर, चालतं. टॅगवर, म्हणजे सेन्सरच्या नावासारख्या ओळखीच्या खुणेवर, लावलं तर उत्तर रिकामं येतं. फील्डवर लावलं आणि वेळेची खालची मर्यादा दिली नाही, तर प्रत्येक ओळीसमोर १ जानेवारी १९७० छापून येतं. नवा माणूस इथे घाबरतो, डेटा बिघडला असं समजतो. डेटा ठीक असतो. एकच व्हॅल्यू हजार वेळा आलेली असते, त्यातली कोणती वेळ दाखवायची हे डेटाबेस ठरवू शकत नाही, म्हणून शून्य वेळ ठेवतो, आणि संगणकाची वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजली जाते. एकाच क्वेरीत मॅक्स आणि मिन दोन्ही मागितले तरी हेच होतं, कारण दोघांच्या वेळा वेगळ्या आणि ओळ एकच.

वेळ हवी असेल तर व्हॅल्यू न मागता अख्खी नोंद मागा. इन्फ्लक्सक्यूएलमध्ये तापमानाचं लास्ट घ्या आणि सेन्सरच्या टॅगवर ग्रुप बाय करा: प्रत्येक सेन्सरची शेवटची नोंद तिच्या खऱ्या वेळेसह येते. मात्र त्यातच ग्रुप बाय टाइम (वेळेचे तुकडे पाडणं) घुसवलं, तर खऱ्या वेळेऐवजी त्या तुकड्याच्या सुरुवातीची वेळ दिसते. फ्लक्स ही इन्फ्लक्सडीबीची दुसरी क्वेरी भाषा वापरत असाल तर डिस्टिंक्ट आणि युनिक यांत गल्लत करू नका. डिस्टिंक्टमध्ये वेळेचा कॉलम गळून पडतो, युनिक प्रत्येक व्हॅल्यूची पहिली अख्खी ओळ राखतं. दोन्ही प्रत्येक टेबलात स्वतंत्र चालतात, म्हणून आधी सगळी टेबलं एकत्र करणारं रिकामं ग्रुप लावलं नाही तर तीच व्हॅल्यू बारा वेळा दिसेल. टाइमस्केलडीबी (पोस्टग्रेस डेटाबेसवर उभा असलेला टाइम-सिरीज डेटाबेस) वापरणाऱ्यांसाठी पोस्टग्रेसचं डिस्टिंक्ट ऑन आहे. त्यासोबत ऑर्डर बायमध्ये आधी सेन्सर आणि मग वेळ उतरत्या क्रमाने लिहा. ते विसरलात तर प्रत्येक सेन्सरची कुठलीही एक ओळ हाती येईल आणि ती शेवटचीच आहे असं तुम्हाला वाटत राहील.

आता दिवसाची गोष्ट, कारण नागपुरात ही चूक नेमकी दुखऱ्या जागी बसते. डेटाबेस वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, ठेवतो. एक-एक दिवसाचे गट पाडले की त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. कमाल तापमान दुपारी येतं, ते योग्य तारखेतच पडतं, त्यामुळे महिनोन्महिने कोणाला शंका येत नाही. किमान तापमान मात्र सूर्योदयाच्या आसपास येतं आणि मे महिन्यात आपल्याकडे सूर्य उगवतो साडेपाचनंतर थोड्याच वेळात. म्हणजे कात्री बरोबर पहाटेच्या गारव्यावर चालते. एकाच पहाटेचा गारवा दोन तारखांच्या किमानात मोजला जातो. मी गच्चीवरच्या सेन्सरचा डेटा काढून पाहिला, तेव्हा लागोपाठच्या दोन तारखांना जवळजवळ एकच किमान दिसलं. एकाची वेळ पाच-अठ्ठावीस, दुसऱ्याची पाच-एकतीस. उपाय साधा आहे: क्वेरीच्या शेवटी टीझेड लावून एशिया/कोलकाता द्या. फ्लक्समध्ये टाइमझोन पॅकेज आणून लोकेशन ठरवा. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे होत नाही, त्यामुळे ग्रुप बाय टाइममध्ये उणे ३३० मिनिटांचा ऑफसेट दिला तरी भागतं.

याच्या उलटी चूकही पाहिली आहे. सेन्सरचं कंट्रोलर भारतीय वेळ पाठवतं आणि लिहिणारा प्रोग्राम ती यूटीसी म्हणून साठवतो. ताज्या नोंदी साडेपाच तास भविष्यात जाऊन बसतात. ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनात "गेला एक तास" निवडला की दुपारी दोनला सकाळी साडेआठचं तापमान दिसतं, आणि आलेख भरलेला असल्यामुळे कोणी हटकतही नाही. ग्रुप बाय टाइमच्या क्वेरीत वरची मर्यादा दिली नसेल तर ती आत्ताच्या क्षणाला थांबते, म्हणून त्या नोंदी तिथेही सुटतात.

आकड्यांच्या लांबीकडे नजर ठेवा. सेकंद १० अंकी, मिलिसेकंद १३, नॅनोसेकंद १९. प्रिसिजन (वेळेचं एकक) न सांगता १० अंकी वेळ पाठवली की ती नॅनोसेकंद धरली जाते आणि नोंद १९७० च्या पहिल्या दोन सेकंदांत पडते.

अवतरणचिन्हंही छळतात. इन्फ्लक्सक्यूएलमध्ये टॅगची व्हॅल्यू आणि वेळ एकेरी चिन्हात लिहायची, दुहेरी चिन्ह कॉलमच्या नावाला. टॅगच्या व्हॅल्यूला दुहेरी दिलं तर तक्रार येत नाही, फक्त निकाल रिकामा येतो.

आणि नोंदी कमी भरत असतील तर हे तपासा: मेजरमेंट (नोंदींच्या गटाचं नाव), टॅग आणि वेळ तिन्ही सारखे असलेल्या दोन नोंदी डेटाबेस एकच मानतो, दुसरी पहिलीच्या फील्डवर लिहिली जाते. त्या कोल्ड स्टोरेजमध्ये एका खोलीच्या दोन्ही दारांचे सेन्सर एकाच टॅगने, पूर्ण सेकंदाला लिहीत होते. दाराचा वेगळा टॅग दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंना मागच्या दाराच्या नोंदी पहिल्यांदा दिसल्या. ते दार रात्री दोन वाजल्यापासून किलकिलं राहिलं होतं.