तारीख बघा, मग बॅग भरा

आमच्या वाडीतल्या दोघी पहिल्यांदाच लेकींकडे न्यूयॉर्कला निघाल्यात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी लिहितेय.

आधी तिकीट हातात घ्या आणि सुटण्याची वेळ बघा. 14 तारीख, रात्री 1.25 असं असेल, तर 13 च्या रात्री दहाला विमानतळावर हजर व्हायचं. 13 च्या! मागच्या वेळी मी 14 च्या संध्याकाळी सामान घेऊन तिथे पोहोचले. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. दुसरं तिकीट मिळून निघेपर्यंत दोन दिवस गेले, आणि लेक बाळंत झाली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते. कालनिर्णयावर 13 लाच गोल करा, आणि आणखी कुणाला तरी तिकीट वाचायला लावा.

आता उलटं मोजत या. चिपळूण ते मुंबई अडीचशे किलोमीटर, पण पावसाळ्यात त्याचा भरवसा धरू नका. परशुराम घाटात दरड आली की गाड्या तिथेच उभ्या. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात. ठाण्याला कुणी नातेवाईक असेल तर 12 लाच मुक्कामाला जा. 12 ला मुक्काम, 13 ला विमानतळ. 14 ला तुम्ही आकाशात असायला हव्यात.

मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाला पंधरा-सोळा तास. मधे विमान बदलायचं असेल तर वीसच्या वर. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. म्हणून एवढा प्रवास करूनही थेट विमानाने तुम्ही 14 च्या सकाळीच उतरता. लेकीला तीच तारीख कळवा.

पासपोर्ट, व्हिसा, औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. पॉवर बँकही तिथेच, मोठ्या बॅगेत चालत नाही. सुकं खोबरं नेऊ नका, तेलामुळे पेट घेतं म्हणून विमानात मनाई आहे. डिंकाच्या लाडवात घालायला तिथे मिळतं. हापूस, सुकट, सोडे घरीच ठेवा. आमसुलं, कुळथाचं पीठ, हळीव न्या, पण तिथल्या कस्टमच्या माणसाने विचारलं की खाण्याचं आहे असं सरळ सांगा.

विमानात दर दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या. पाय सुजतात.

येताना वारा पाठीशी असतो, तासभर तरी वाचतो. पण तारीख पुढे जाते: तिथून 1 ला दुपारी निघालात की मुंबईत 2 ला. आणायला येणाऱ्याला 2 सांगा. आणि जातानाची 13 आजच लिहून दाराला चिकटवा.