लोडच्या पिकअपसाठी सुपरचार्जर घ्यावा की टर्बो, आणि तो कसा निवडावा

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातून माल भरून निघालेली पिकअप बिजासन किंवा कन्नडच्या घाटात दम टाकू लागली, की गाडीला सुपरचार्जर बसवावा का, असा विचार अनेक गाडीमालकांच्या मनात येतो. असा खर्च करण्यापूर्वी आपल्या इंजिनाला नेमके काय हवे आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सुपरचार्जर आणि टर्बो या दोघांचेही काम इंजिनात जास्त हवा दाबून भरणे हेच आहे. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून, पट्ट्याने फिरतो, त्यामुळे तो लगेच दाब देतो, पण त्यासाठी इंजिनाचीच काही ताकद खातो. टर्बो मात्र सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो. अमेरिकेत फोर्डच्या रॅप्टर आर या पिकअपमध्ये ५.२ लिटरच्या व्ही-८ पेट्रोल इंजिनावर सुपरचार्जर असतो. आपल्याकडील बोलेरो पिकअपचे २५२३ सीसीचे डिझेल इंजिन कंपनीतूनच टर्बोसह येते. त्यावर वेगळा सुपरचार्जर चढवून नुसती हवा वाढवल्यास फारसे काही हाती लागत नाही. ताकद हवी असेल तर डिझेलही वाढवावे लागते, आणि मग वाढलेल्या उष्णतेचा व दाबाचा भार पिस्टन, हेड गॅस्केट आणि क्लचवर पडतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार परस्पर करता येत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की माल वाहणाऱ्या डिझेल पिकअपने सुपरचार्जरचा नाद सोडावा आणि मूळ प्रतीचा, इंजिनाला जुळणारा टर्बो सुस्थितीत ठेवावा.

टर्बो बदलण्याआधी तो खरोखरच गेला आहे का, हे पाहावे. गाडी काळा धूर सोडत असेल आणि ओढत नसेल, तर प्रथम एअर फिल्टर उघडावा. कापसाच्या शेतातून आणि कच्च्या गाडरस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर धुळीने लवकर चोंदतो. त्यानंतर इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारे होज पाइप हाताने दाबून व वळवून पाहावेत, कारण क्लिपजवळची बारीक चीर गाडी उभी असताना दिसत नाही आणि लोडवर मात्र हवा सोडते. उन्हाचाही वाटा असतो: १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात गाडी थोडी जड वाटणे हा बिघाड नव्हे. सतत निळा धूर येत असेल तर इंजिनात ऑइल जळत आहे, पण ते टर्बोतूनच येते असे नाही. इंजिन थंड असताना हवेचा पाइप काढून टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवावा. वर-खाली किंचित खेळ असणे स्वाभाविक आहे. परंतु पुढे-मागे जाणवण्याइतका खेळ असेल, किंवा पंख्याची पाती टर्बोच्या घराला (बाहेरील कवचाला) घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर टर्बो गेला असे समजावे.

नवा टर्बो घेताना जुन्याच्या पट्टीवरील पार्ट नंबर लिहून घ्यावा आणि तोच नंबर किंवा कंपनीने त्याऐवजी दिलेला अधिकृत नंबर मागावा. ‘याच गाडीचा आहे’ एवढ्यावर विसंबू नये, कारण गाडीचे नाव तेच राहते, पण बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे जुने व नवे निकष) इंजिनांचे टर्बो वेगळे असू शकतात. मोठा टर्बो घेण्याचा मोहही टाळावा. त्याला दाब तयार करण्यास अधिक वायू लागतो, म्हणजे घाटातील वळणावर वेग पडून इंजिन कमी फेऱ्यांवर आले असता, नेमकी गरज असते तिथेच तो उशिरा जागा होतो. टर्बोचे घर चांगले असेल तर फक्त कोअर, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग आणि पंख्यांचा मधला भाग, बदलणे स्वस्त पडते. मात्र हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकत असल्याने कोअरचे बॅलन्सिंग यंत्रावर झालेले असल्याची लेखी खात्री घ्यावी. बिलावर पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी.

जुना टर्बो कशामुळे गेला, हे न शोधता नवा बसवल्यास तोही त्याच वाटेने जातो. बहुधा कारण ऑइलचे असते. म्हणून ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावेत, टर्बोला ऑइल देणारा पाइप नवा घ्यावा, परतीचा पाइप कुठे दबलेला नाही ना ते पाहावे आणि इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल व तुटलेल्या पात्यांचे कण धुऊन काढावेत. ऑइलच्या गॅस्केटला सिलिकॉन लावू देऊ नये. त्याचा सुटलेला तुकडा ऑइलची वाट बंद करतो. बसवल्यावर टर्बोला ऑइल जिथून येते त्या तोंडात हाताने स्वच्छ ऑइल ओतावे, इंजिन चालू होऊ न देता स्टार्टर थोडा वेळ फिरवून ऑइल वर चढू द्यावे आणि नंतर काही मिनिटे गाडी स्लोवर ठेवून सर्व जोड गळतीसाठी तपासावेत. त्यानंतरच माल भरावा. पुढेही घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद न करता इंजिन एक-दोन मिनिटे स्लोवर चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून काजळी धरत नाही.