एएमएल आणि एएलएलची जनुकं ताडताना या चुका टाळा

एएमएल (अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) आणि एएलएल (अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) हे रक्ताचे दोन कर्करोग. कुठली जनुकं कशात जास्त सक्रिय आहेत ते ताडताना पहिल्यांदा पीसीएचा आलेख काढतात, म्हणजे सगळ्या जनुकांची मोजमापं दोन अक्षांवर आणून प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका. त्यात एएमएलचे ठिपके डावीकडे, एएलएलचे उजवीकडे, मधे रिकामं मैदान. असा आलेख आला की नवशिके पेढे वाटायला निघतात. मी आधी विचारते, नमुने कुठून आले?

हे दोन ल्युकेमिया जनुकांवरून वेगळे ओळखता येतात, यात वाद नाही. गोलब आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ३८ रुग्णांच्या अस्थिमज्जेवरून ५० जनुकांचा निकष बांधून ते दाखवलं. त्यातही २७ एएलएल लहान मुलांचे होते आणि ११ एएमएल प्रौढांचे. पण त्यांनी तो निकष ३४ वेगळ्या नमुन्यांवर, मज्जेबरोबर रक्तावरही, तपासून पाहिला. आपल्याकडे तेवढा धीर कुणाला असतो?

दोन आजारांत फरक दाखवणाऱ्या जनुकांच्या एका विद्यार्थ्याच्या यादीत सगळ्यात वर फॉस, जून आणि ईजीआर१ ही जनुकं होती. 'एएमएलमधला नवा मार्ग' असं त्यानं मसुद्यात लिहूनही टाकलेलं. ही मंडळी माझ्या चांगल्या ओळखीची. रक्त ट्यूबमध्ये पडून राहिलं की पेशींवर ताण येतो आणि पहिल्यांदा हीच जागी होतात. नोंदवही मागवली. एएलएलची मुलं त्याच इमारतीतल्या वॉर्डातली, मज्जा काढली की लगेच गोठवलेली. एएमएलचे प्रौढ रुग्ण दुसऱ्या शहरातले, त्यांचं रक्त रात्रभर कुरिअरनं आलेलं. आजार, वय, मज्जा की रक्त, उशीर, सगळं एकमेकांत अडकलेलं.

"मॅडम, कॉम्बॅट चालवू का?" त्यानं विचारलं. नमुन्यांच्या वेगवेगळ्या खेपांमुळे, म्हणजे बॅचमुळे, आलेला फरक काढून टाकणारी ही पद्धत.

कशावर चालवणार? एका बॅचमध्ये फक्त एएमएल आणि दुसरीत फक्त एएलएल असेल, तर बॅच पुसताना आजारही पुसला जातो. शेवटी त्या दुसऱ्या शहरातूनच, त्याच कुरिअरनं, प्रौढ एएलएल रुग्णांचं रक्त मागवलं. नव्या तुलनेत फॉस आणि जून यादीतून गळाले, एमपीओ हे एएमएलचं ओळखीचं जनुक मात्र जागचं हललं नाही. नवा मार्ग वगैरे काही नव्हतं.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी कागदावर तक्ता आखते: आजार, वय, लिंग, मज्जा की रक्त, ब्लास्टचं (ल्युकेमियाच्या अपक्व पेशींचं) प्रमाण, गोठवल्याची तारीख, आरएनए कुणी काढला. विद्यार्थ्यांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

ब्लास्टचा रकाना तर हमखास कोरा असतो. एकात ९० टक्के ब्लास्ट आणि दुसऱ्यात ३० टक्के असतील, तर तुम्ही उरलेल्या निरोगी पेशींचाच फरक मोजत बसता. यादीत हिमोग्लोबिनची एचबीबी आणि एचबीए१ ही जनुकं वर दिसली, तर आधी लाल पेशींचा संशय घ्या.

गटांमधला फरक काढणाऱ्या डीसेक२ या सॉफ्टवेअरला प्रत्येक जनुकाची कच्ची मोजणी द्या. टीपीएम (जनुकाची लांबी आणि एकूण मोजणी यांनुसार आधीच जुळवलेले आकडे) गोल आकड्यात करून देणं ही पळवाट आहे.

साधारण २०,००० जनुकं तपासून पी-मूल्याला ०.०५ ची चाळणी लावली, तर काहीच फरक नसतानाही हजारेक जनुकं हाती लागतील. एफडीआर, म्हणजे यादीतल्या खोट्या निष्कर्षांचं अपेक्षित प्रमाण, बघा.

एचएल-६० ही एकाच रुग्णापासून प्रयोगशाळेत वाढवलेली पेशींची वाण; तिचे तीन फ्लास्क म्हणजे तीन रुग्ण नव्हेत.

विश्लेषणासाठी वापरली जाणारी आर ही संगणकभाषा गटांची नावं इंग्रजी वर्णक्रमानं लावते, त्यामुळे काही न सांगता एएलएल आधाराचा गट होतो, म्हणजे 'वर' आणि 'खाली' त्याच्या तुलनेत ठरतं. एमपीओ एएमएलमध्ये वर आणि एएलएलची खूण असलेलं डीएनटीटी खाली दिसलं नाही, तर बहुधा दिशा उलटली आहे किंवा लेबलं.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. सेप्ट९ या जनुकाची ९ सप्टेंबर ही तारीख होते, आणि एएमएलमध्ये गुणसूत्रं तुटून एमएलएल जनुकाशी जोडल्या जाणाऱ्या जनुकांपैकी ते एक आहे, म्हणजे नेमकं हवं तेच हरवतं. आता त्याचं नाव सेप्टिन९ केलंय, पण जुन्या फायलींत जुनंच नाव आहे.

नमुन्यांची अदलाबदल पकडायला मी दर वेळी झिस्ट आणि वाय गुणसूत्रावरचं आरपीएस४वाय१ ही दोन जनुकं बघते. बाईच्या नमुन्यात पहिलं हवं, पुरुषाच्या दुसरं. मात्र वयस्क पुरुषाच्या ल्युकेमियात वाय गुणसूत्रच गळालेलं असू शकतं आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात दात्याच्या पेशी असतात. तेव्हा तंत्रज्ञावर ओरडण्याआधी रुग्णाची फाइल वाचा.