छोट्या वर्कशॉपने डिफेन्सचं काम कसं मिळवायचं

दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), सहा-सात पोरं आणि वर्षानुवर्षं फक्त गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क, अशा शेडवाल्यांसाठी लिहितोय. आपल्याकडे खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबरनाथ, अंबाझरी, भंडारा, चांदा इथे ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, ओझरला विमानं बनवणारी एचएएल आहे, मुंबईत युद्धनौका बांधणारं माझगाव डॉक आहे, आणि यांना लागणारा प्रत्येक बुश, पिन, ब्रॅकेट काही ते स्वतः बनवत नाहीत, बराच माल बाहेरून येतो. मग तो आपल्या तालुक्यातून का जाऊ नये?

आधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी. ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म-लघु उद्योगाला सरकारी टेंडरमध्ये ईएमडी (टेंडर भरताना ठेवायची अनामत रक्कम) आणि टेंडर फी माफ असते, शिवाय केंद्राच्या कंपन्यांनी किमान 25 टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची असं धोरण आहे, त्यात 3 टक्के महिलांच्या आणि 4 टक्के एससी-एसटी उद्योजकांच्या युनिटसाठी. त्यानंतर जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, सेलर म्हणून नाव टाका.

मग कुणाकडे जायचं ते नीट बघा. 1 ऑक्टोबर 2021 पासून जुनं ऑर्डनन्स बोर्ड नाही, 41 फॅक्टऱ्या 7 कंपन्यांत वाटल्या गेल्यात. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा म्हणजे पुण्याची म्युनिशन्स इंडिया, आणि अंबाझरी, भुसावळ, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी म्हणजे नागपूरची यंत्र इंडिया. व्हेंडर म्हणून अर्ज करताना ही फोड माहीत हवी. 2020 ला सुरू झालेलं सृजन पोर्टलही चाळा, आयात होणारे कुठले पार्ट आता इथेच बनवून हवेत त्याची यादी तिथे असते. सगळं बघू नका, आपल्या मशीनवर बसेल असा एकच पार्ट शोधा.

माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी थेट टेंडरच्या मागे लागू नका. आधीपासून सप्लाय करणाऱ्या मोठ्या कंपनीचं काम घ्या, इन्स्पेक्शन कसं चालतं ते तिथे शिकायला मिळतं.

आता खरी अडचण, आणि ती मशीनची नाहीच, कागदाची आहे. आमचा पहिला स्पेसरचा लॉट मायक्रोमीटरवर एकदम बरोबर होता तरी अख्खा परत आला, कारण बार कापताना दोन हीटचं (भट्टीतल्या वेगवेगळ्या घाण्यांचं) मटेरियल मिसळलं आणि कुठला पीस कुठल्या टेस्ट सर्टिफिकेटचा हे आम्हाला सांगता येईना. चूक आमचीच. तेव्हापासून बार आला की हीट नंबर पंच करायचा, बार कापला की उरलेल्या तुकड्यावर परत पंच, आणि जॉब कार्डवर तोच नंबर प्लेटिंगपर्यंत जातो. गेज आणि मायक्रोमीटर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेट करा, म्हणजे अचूकता तपासून घ्या, तारीख संपू देऊ नका. क्वालिटीचं आयएसओ 9001 सर्टिफिकेट आत्ताच घेऊन ठेवा, विमानाचे पार्ट करायचे असतील तर पुढे त्यासाठीचं एएस 9100 लागेल.

या कागदामुळेच गावात नोकऱ्या वाढतात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जॉबवर्कमध्ये एक ऑपरेटर पुरायचा, इथे इन्स्पेक्शनला माणूस लागतो, रेकॉर्डला लागतो, शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्याला आणि प्लेटिंगवाल्यालाही काम जातं. आयटीआयची टर्नर, मशिनिस्ट, फिटर झालेली पोरं-पोरी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवरून घ्या, पहिल्या दिवसापासून ड्रॉइंग वाचायला शिकवा, नुसतं झाडू-पुसायला लावू नका. चांगला सेटर (कामासाठी मशीन लावून देणारा) तयार व्हायला वेळ लागतो पण तो झाला की त्याला शहर गाठावं लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर ऑर्डर सलग येत नाहीत, म्हणून जुनं काम सोडू नका. बिल 45 दिवसांत मिळायला हवं असा कायदा आहे, अडकलं तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. बिल डिस्काउंटिंगसाठी, म्हणजे बिलावर थोडी कपात देऊन पैसे आधी मिळवण्यासाठी, ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेवरही नोंदणी करून ठेवा.

आणि मिळालेलं ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवायचं नाही, शेडमध्ये फोटो काढायचे नाहीत, काम संपलं की कॉपी मोजून परत करायच्या. पोरांना हे कामावर घेतानाच सांगा.