शेतातून वायुवाहिनी जाणार असेल तर

शेताखालून वायुवाहिनी (गॅसची पाइपलाइन) नेताना कंपनी जमीन विकत घेत नाही. पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांविषयीच्या १९६२ च्या केंद्रीय कायद्यान्वये केवळ वापरहक्क, म्हणजे जमिनीखालून वाहिनी टाकण्याचा हक्क, संपादित होतो आणि मालकी शेतकऱ्याकडेच राहते. म्हणून कलम ३ ची अधिसूचना (हा हक्क घेण्याचा इरादा सांगणारी सरकारी घोषणा) निघताच तिच्यातील गट क्रमांक व क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहावे आणि हरकत असल्यास ती २१ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) लेखी देऊन पोच घ्यावी.

वापरहक्कापोटी अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. पिकांचे व झाडांचे नुकसान वेगळे मोजले जाते. खरी काळजी येथेच घ्यावी. खोदाईचे यंत्र बांध ओलांडण्यापूर्वी पंचनाम्यात प्रत्येक झाड, त्याच्या बुंध्याचा घेर, उभ्या पिकाची अवस्था आणि ठिबकच्या नळ्याही लिहून घ्याव्यात (नळ्या नंतर कोणालाच आठवत नाहीत), आणि नक्कल मिळाल्याखेरीज सही करू नये. ठरलेली भरपाई अमान्य असल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

वापरहक्क घेतलेल्या पट्ट्यात पुढे घर, विहीर, शेततळे किंवा नवे झाड चालत नाही. ज्वारी, भुईमूग मात्र पूर्ववत घेता येतो.