आरबीआयच्या नियमात आपलं म्हणणं पोचवायचं कसं?

नाशिकमध्ये कुठल्याही सहकारी बँकेत आरबीआयचं नवीन परिपत्रक आलं की "वरून आलंय, काय करणार" हेच ऐकू येतं आणि मला ते खरंच लागतं, कारण त्याच परिपत्रकाचा आधी ड्राफ्ट आलेला असतो, मोठ्या लोकांनी त्यात बदल करून घेतलेले असतात आणि आपल्याला पत्ताच नसतो.

पहिलं म्हणजे पत्ता बरोबर बघा. पतसंस्थेचा विषय सहकार खात्याचा, आरबीआयला लिहून काही होणार नाही. नागरी बँकेचा असेल तर आरबीआय.

मग त्या विषयावर कोण कोण बोलतंय ते कागदावर लिहून काढा. मोठ्या बँकांची इंडियन बँक्स असोसिएशन, नागरी बँकांची नॅफकब, राज्यातल्या नागरी बँकांचं फेडरेशन, अर्थ मंत्रालय. आरबीआयने त्या विषयावर समिती नेमली असेल तर तिच्यावर कोण बसलंय ते बघाच, कारण खरा आकार तिथेच ठरतो. नागरी बँकांसाठी आरबीआयने नेमलेल्या 2021 च्या विश्वनाथन समितीत नॅफकबचे तेव्हाचे अध्यक्ष ज्योतींद्र मेहता मेंबर होते, आणि ठेवींनुसार नागरी बँकांचे चार टियर, म्हणजे गट, त्याच समितीने सुचवले. सहकार भारती या सहकारातल्या संघटनेचे सतीश मराठे 2018 मध्ये आरबीआयच्या केंद्रीय संचालक मंडळावर गेले. म्हणजे सहकारातली माणसं आत आहेत, त्यांच्यापर्यंत आपली माहिती जात नाही एवढंच.

गोल्ड लोनचं बघा. आपल्याकडे द्राक्षवाले छाटणीच्या खर्चाला सोनं ठेवतात, त्यामुळे हा थेट आपला विषय. एप्रिल 2025 मध्ये कडक ड्राफ्ट आला, तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी पत्र लिहिलं, अर्थ मंत्रालयाने 2 लाखांपर्यंतच्या कर्जदारांना वगळा असं सुचवलं, आणि जूनमध्ये फायनल नियम आला त्यात अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली, आधी 75 होती. बोलले तिकडचे, फायदा आपल्यालाही झाला, पण दरवेळी असं दुसऱ्याच्या जिवावर कसं चालेल?

म्हणून ड्राफ्टवर लक्ष ठेवा. आरबीआयच्या वेबसाइटवर 'कनेक्ट टू रेग्युलेट' विभाग आहे, तिथून कोणीही सूचना पाठवू शकतं. नियम कसे बनवायचे याच्या आरबीआयच्या मे 2025 च्या चौकटीप्रमाणे सूचनांसाठी साधारण किमान 21 दिवस मिळतात, आणि ते संचालक मंडळाची मीटिंग लावेपर्यंत संपतात, म्हणून एका माणसाला हेच काम द्या.

पत्रात "अन्यायकारक आहे" वगैरे लिहू नका. परिच्छेद क्रमांक टाका, तुमच्या किती खात्यांवर काय परिणाम होतो ते आकड्यात सांगा आणि त्या जागी कोणतं वाक्य हवं ते स्वतः लिहून द्या. प्रोजेक्ट फायनान्सच्या, म्हणजे मोठ्या प्रकल्पांच्या कर्जाच्या, 2024 च्या ड्राफ्टमध्ये बांधकाम काळात कर्जाच्या 5 टक्के तरतूद (बुडीत कर्जाच्या भीतीने बँकेने बाजूला ठेवायची रक्कम) होती, बँकांनी जोर लावला, 2025 मध्ये बहुतेक प्रोजेक्टना ती 1 टक्का झाली.

एकट्या बँकेचं पत्र हलकं पडतं, तेव्हा जिल्ह्यातल्या चार-पाच बँकांचे आकडे एकत्र करून फेडरेशनलाही द्या, खासदारांना कॉपी पाठवा. फायनल आल्यावर ड्राफ्टशेजारी ठेवून वाचा, आलेल्या सूचनांवर आरबीआयने काय उत्तर दिलंय तेही बघा, कोणाचं ऐकलं ते तिथे कळतं आणि पुढच्या वेळी फोन कोणाला करायचा तेही.